पेटीला पृथ्वी लागेना

तुला महिना, पाच तारीख

परमस्नेही, आणि नाइलाजाने मेहुणे, श्री. दामोदर पिषारोटी यांस,

त्रिविक्रमाचा साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे प्रत्यक्षातला नमस्कार पाच अंगांवरच थांबतो, पण पत्रात आठही घातली आहेत, मोजून घ्यावीत.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात उजवा लिहिला होतात. तेव्हा दुखणे सरकले की लेखणी, एवढे कळवावे. वसुमतीवहिनींचा दमा कोइमतूरच्या हवेत बरा राहतो हे वाचून तुमच्या बहिणीला, भानूला, समाधान वाटले. आकाशवाणीतून निवृत्त झालेला अभियंता दिवसभर घरात बसला की घरातली हवा कशी राहते, याची मात्र तिला शंका आहे. आम्ही दोघे ठीक. भानूने चार दिवस पेज आणि पापडावर काढले, कारण अॅम्प्लिफायरच्या पायी माझे बाजारहाटाकडे लक्ष नव्हते. त्याचीच ही हकिकत.

तुम्हाला सगळे ठाऊक आहे, तरी पत्राला पाया लागतो म्हणून लिहितो. मिथुन महिन्यात भानूच्या गळ्यातली गाठ काढली. डॉक्टरांनी जाताना सांगितले की गाऊ द्या, पण बोलण्याच्या आवाजावर चढू देऊ नका. एकदा ताणून ओरडल्या तर आहे तोही आवाज जाईल, आणि मग माझ्याकडे आणू नका. आता विजयादशमीला सकाळी नऊ वाजता आमच्या भगवतीसमोर गायचे, हा तिचा सव्वीस वर्षांचा नेम. आणि देवळातले भाड्याचे मशीन तुम्ही ऐकलेले आहे. ते सुरू केले की आधी भुंग्यासारखे घूं करते, मग माणसाला वाटते आपण भुंग्याच्या वर गायला हवे. भानू मला एवढेच म्हणाली, "मला माझा आवाज ऐकू आला तर मी गाईन. नाही आला तर मी चढवणार, ते माझ्या हातात नाही. आणि चढवला तर संपलं." यावर मी भगवतीला नवस बोललो की घूं न करणारा अॅम्प्लिफायर बांधून तुझ्या देवळाला देईन. मग तुम्हाला पत्र लिहिले. (देवीला आधी आणि अभियंत्याला नंतर, हा क्रम तुम्हाला लागला असेल. पण पार्सल तुमच्याकडूनच आले, हे मी दोघांनाही सांगितले आहे.)

तुमचे सुटे भाग पोचले, आणि सोबत अकरा सूचनांचा कागद. तो मी सूत्रग्रंथासारखा वाचला. तुमची शैली सूत्रकारांचीच, म्हणजे एकही शब्द जास्त नाही आणि समजायला एकही पुरेसा नाही. सातवी सूचना अशी: "अर्थची तार पेटीला जिथे लागेल तिथे धातू रुपयाएवढा उघडा करा. दातेरी वॉशर घाला. आवळा. मीटरने तपासा. मग हात लावू नका." माझे पहिले कुतूहल इथेच जागे झाले. पेटी टेबलावर, टेबल माळ्यावर, आणि पेटीला म्हणायचे अर्थ, म्हणजे पृथ्वी. आमच्या न्यायशास्त्रात पृथ्वीची खूण अगदी स्पष्ट आहे: जिला गंध आहे ती पृथ्वी. मी पेटीचा वास घेऊन पाहिला. तिला जळक्या राळेचा वास होता, तेव्हा शास्त्रार्थ निभावला असे समजून पुढे गेलो.

पेटीबद्दलही सांगायला हवे. तुम्ही अॅल्युमिनियमचा पत्रा लिहिला होता. मी वेलायुधन मूशारीकडे गेलो, जो पिढीजात समया ओततो. देवीसमोर अॅल्युमिनियम ठेवायचे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी नैवेद्याला बिस्किटे मागितली. "मास्तर, अॅल्युमिनियमात आमच्याकडे कोंबड्यांना पाणी ठेवतात," तो म्हणाला, आणि पितळी पत्र्याची पेटी करून दिली. काय पेटी, दामोदर. कडा वळवलेल्या, भोके सुबक, आणि आतून-बाहेरून अशी लखलखीत की आत पाहून मी कपाळावरचे भस्म नीट केले. काळी पडू नये म्हणून त्याने तिला पातळ पारदर्शक रोगणाचे दोन हात दिले होते. आतूनही दिले होते. हे त्याने अभिमानाने सांगितले आणि मी कौतुकाने ऐकले. धातू उघडा करा असे तुम्ही लिहिले होते. माझ्या डोळ्यांना तो उघडाच दिसत होता, इतका की डोळे दिपत होते.

जोडणी औसेफने केली. औसेफ म्हणजे चर्चच्या कोपऱ्यावरचा माइकसेटवाला. लग्न, मयत आणि निवडणूक या तिन्हींना तेच भोंगे देतो आणि तिन्हीकडे सारख्याच चेहऱ्याने उभा राहतो. तो डाग देत होता, मी कागद वाचून दाखवत होतो. मधूनच तो विचारी, "मास्तर, हे तुमचे मेहुणे बोलताना पण असेच बोलतात काय? मग घरात भांडण कसं होतं?" सूचनेप्रमाणे दोन बोल्ट लावले: एक भिंतीतल्या अर्थच्या तारेचा, तिथे दुसऱ्या कुणी वस्तीला यायचे नाही, दुसरा माइकच्या भोकाजवळ, आतल्या सगळ्या जोडणीचा. दोन्ही मी स्वतः आवळले. इतके आवळले की माझ्या तळहातावर पान्याचा ठसा दोन दिवस होता. मग बटण दाबले.

घूं.

तोच भुंगा. भाड्याच्या मशीनचाच आत्मा पितळी देहात आला म्हणावे, तसा. औसेफने डोके खाजवले, मग स्क्रूड्रायव्हरचे टोक दुसऱ्या बोल्टाच्या शेजारी पेटीवर रोवले आणि त्याचा लोखंडी दांडा बोल्टाला टेकवला. भुंगा गप्प. उचलला, घूं. टेकवला, गप्प. मी त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेऊन हे सतराएक वेळा करून पाहिले. (अठराव्या वेळी भानूने आतून विचारले, की चालू आहे की बंद, एक काय ते ठरवा.) मला भूल पडली ती अशी. तारेच्या टोकाचे कडे पेटीवर बसलेले आहे, मधे केसही जाणार नाही, तरी शास्त्राने ज्याला संयोग म्हणतात तो तिथे नाही. आणि टोचून, खरवडून, रोगण फाडून धरले की आहे. आयुष्यभर मी मुलांना घडा आणि जमीन यांचा संयोग शिकवला. घडा जमिनीवर ठेवला की झाला संयोग, इतके ते सोपे होते. त्या घड्याच्या बुडाला वेलायुधनने रोगण दिले असेल तर काय, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. विचारला असता तर मी त्याला वर्गाबाहेर उभा केला असता, हे वेगळे.

औसेफचे म्हणणे सोपे होते. "मास्तर, पाहुणे आले, ओसरीवर बसले, पण दार बंद. आता ते आले म्हणायचं की नाही?" त्याने कानस घेतली. वेलायुधनच्या रोगणावर कानस चालताना मला माझ्याच पाठीवर चालल्यासारखे झाले, पण खाली जो धातू निघाला तो खराच वेगळा होता. चमक कमी, पण ओला वाटावा असा जिवंत. रुपयाएवढे दोन गोल. त्यावर दातेरी वॉशर ठेवून औसेफने आवळले आणि लगेच सोडून मला दाखवले: धातूवर बारीक दातांचे वर्तुळ उमटले होते. "चावायला पाहिजे," तो म्हणाला. "नुसतं टेकून भागत नाही." पुन्हा आवळून मीटर लावला, काटा लोळला, बटण दाबले, आणि काहीच झाले नाही. मला वाटले बिघडले. तेवढ्यात औसेफने माइकजवळ नखाने नख खरडले आणि ते मला माळ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आले.

इथे पत्र संपवता आले असते. पण ती अष्टमीची दुपार होती, आणि संध्याकाळी पूजेला ठेवायचे होते.

तुम्हाला परगावी राहून विसर पडला असेल तर सांगतो, आमच्याकडे अजून अष्टमीला संध्याकाळी पुस्तके, लेखण्या, करवती, कात्र्या, सगळे देवीपुढे जाते, आणि दशमीला सकाळी पूजा उचलेपर्यंत कुणी अक्षर वाचत नाही की खिळा ठोकत नाही. भानूने ठरवले की जो देवीसमोर बोलणार आहे तो आधी देवीपाशी बसला पाहिजे. पेटी गेली. उघडीच गेली, कारण तिचे म्हणणे पडले की झाकण लावून पूजेला बसवणे म्हणजे पाहुण्याला तोंडावर पंचा घालून बसवणे. शिवाय दोन्ही बोल्टांचे नट मीच सोडून, वॉशर आणि कडी शेजारी तबकात मांडली. प्रत्येक अवयवाला पूजा पोचावी म्हणून. औसेफने आपला पाना पुढे केला आणि विचारले, "माझा पण ठेवू? तुमच्या देवीला चालेल ना?" भानू म्हणाली, "तिला चालेल. फादरना चालतंय का ते बघा." औसेफ म्हणाला की फादरचा माइक वर्षभर याच पान्यावर चालतो, ते काही बोलणार नाहीत. मग पानाही गेला.

दशमीला सकाळी पूजा उचलली. ओट्यावर तांदळाच्या ताटांपुढे लहान मुलांची रांग लागली होती आणि पहिले अक्षर गिरवण्याआधी प्रत्येक मूल नियमाने रडत होते. औसेफ पंचायतीच्या सभेला भोंगे लावायला गेला होता, नवाच्या आत येतो म्हणून. मी पेटी घेतली. तबकात कडी होती, नट होते; दातेरी वॉशर मात्र नव्हते. देवळाची झाडलोट करणाऱ्या अम्मिणीअम्माने निर्माल्य काढताना झेंडूच्या पाकळ्यांबरोबर ते दोन दातेरी दागिनेही तळ्यात सोडले होते. (तिला वाटले, कुणीतरी हौसेने पत्र्याची फुले वाहिली आहेत. मी ते वॉशर पाण्यात मासे कसे पाहत असतील याचा थोडा वेळ विचार केला, आणि तेवढाच उशीर झाला.) बरे, वॉशर नाहीत तर नाहीत, बळ तर आहे, असे म्हणून मी कडी ठेवली, नट आवळले, झाकण लावले आणि पेटी मंडपात नेली.

पावणेनऊला बटण दाबले. घूं. आणि भानूने माइक ओठांजवळ नेला तशी दचकून मागे सरकली. "ओठाला मुंगी चावली," म्हणाली. मी माइकला बोट लावले; मलाही चावली, विजेची. दामोदर, इतका वेळ मला हा सगळा मौजेचा विषय होता. त्या क्षणी नव्हता. गळा वाचवायला जे बांधले ते तिच्या ओठालाच झोंबत होते. मी वायर भिंतीतून उपटली. तोवर समितीचे सेक्रेटरी शूलपाणी मेनन आलेच. "मास्तर, प्रयोगशाळा नंतर. आपला भोंगा आहे ना, तो लावतो. ताईंनी नेहमीसारखं जरा मोकळ्या गळ्यानं गायचं." भानूने त्यांच्याकडे पाहिले आणि पदर खोचून पाटावर बसली. ती गाणार होती, भोंगा असला तरी. सव्वीस वर्षांत तिने नेम चुकवला नव्हता, आणि मला तिचा चेहरा वाचता येतो.

मी म्हणालो, दहा मिनिटे द्या. मेनन म्हणाले, पाच.

झाकण मी उघडले, पण पाहिले भानूने. माझे डोळे तारा, कडी, नट या पदार्थांचा क्रम लावत बसले. तिने सरळ बोट ठेवले. "हे पांढरं काय आहे कड्याखाली?" मी म्हणालो, धातू. "धातू नव्हे. समयांवर सणानंतर असतं ते. वाळलेलं चंदन आहे." नट सोडला तर खरेच, उघड्या केलेल्या दोन्ही गोलांवर चंदनाचा जाडसर लेप, दोन दिवसांत वाळून खापरीसारखा झालेला, आणि त्यावर मी माझ्या सगळ्या बळाने कडे दाबून बसवलेले. गंध म्हणजे पृथ्वीची खूण, हे मी वर लिहिलेच आहे. त्या हिशेबाने तो बोल्ट आता भूगोलाइतका पार्थिव झाला होता. तारेला ते पटले नाही. पुजारी एंब्रांतिरींचा हात चंदनाला जरा सढळ, दुसरे काय. (त्यांना विचारले तर ते दुखावले. "एका वस्तूला एक टिळा. तोही बाहेरून. आत बोटं घालायला मी काय वैद्य आहे?")

भानू म्हणाली चिंच आणा, चंदन चिंचेने निघते. तेवढ्यात औसेफची स्कूटर ओट्याशी आली आणि तो मंडपाबाहेरूनच बोलला, "चिंच नको ताई. आज निघेल, महिन्याने हिरवं धरेल, पुढच्या दसऱ्याला परत मुंगी." वेलायुधनच्या पेटीच्या पोटात औसेफचा चाकू चालला. लेप निघाला, रुपये पुन्हा दिसले. वॉशर तळ्यात गेले म्हटल्यावर तो म्हणाला, "मग मासे आता अर्थ झाले म्हणायचे." दुकाने बंद, सगळ्यांचे पाने पूजेतून अजून घरी पोचायचे होते. औसेफ स्कूटरपाशी गेला, हॉर्नच्या खालचा एक वॉशर काढला आणि मागच्या दिव्याखालचा दुसरा, आणि परत येऊन दोन्ही बसवले. ते पितळेला चावल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला, किंवा यावा असे वाटले. मीटर लावला. मी स्वतः माइकला आधी बोट लावले, मग ओठ. मुंगी नव्हती. मग भानूला दिला.

नऊ वाजून सहा मिनिटे. बटण दाबले, आणि इतकी शांतता झाली की मेनन लगबगीने वर आले. "चालू कुठंय? घूं नाही." सव्वीस वर्षांत त्यांना भुंगा म्हणजेच चालू हे माहीत. त्यांनी माइकवर फुंकर मारली आणि ती स्वतःच्याच पाठीमागून जोरात ऐकून चपापून खाली गेले. भानूने डोळे मिटले नाहीत, ते नवल; नेहमी मिटते. ती त्या पेटीकडेच पाहत होती. तिने आपण बोलतो त्याहून किंचित हळू पहिला सूर लावला.

आवाज पूर्वीचा नाही, दामोदर, हे मी तुम्हाला खोटे लिहिणार नाही. खाली उतरला आहे, आणि कडेला जरा खरखरतो, जुन्या रेशमावर उलटा हात फिरवावा तसा. पण शेवटच्या ओळीत बसलेल्या अम्मिणीअम्मापर्यंत तो तसाच पोचला, न वाढवता. दुसऱ्या कडव्याला ती सवयीने चढायला निघाली, हे मला तिच्या मानेवरून कळले. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि ती थांबली, आणि तिथेच राहून गायली. अक्षरे गिरवणारी मुलेही रडायची थांबली होती. (एक सोडून. तो मेननांचा नातू.)

कळावे. वहिनींना नमस्कार. तुमच्या सातव्या सूचनेत "मग हात लावू नका" आहे. पुढच्या आवृत्तीत "चंदनही" असे भाष्य घालावे, कारण सूत्रकाराने सगळे गृहीत धरले की शिष्यांचे असे हाल होतात.

तुमचा,
त्रिविक्रम

ता. क. दातेरी वॉशर डझनभर पोस्टाने पाठवावेत. औसेफच्या स्कूटरला सध्या ना हॉर्न, ना मागचा दिवा. तो वळणावर तोंडाने "बाजू द्या" ओरडत येतो आणि म्हणतो की मास्तरांच्या देवीने मला भोंगा केला.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर भानूने वाचला आणि पाकीट चिकटवायला दिले. हे पोस्टातल्या बाकावर लिहीत आहे. एंब्रांतिरींवर आळ घेतला तो खोटा. चंदन मी लावले. पूजेला ठेवताना सगळे गेल्यावर मी एकटाच पेटीपाशी होतो. रोगणाखालून निघालेले ते दोन गोल पाहून वाटले की हेच नाजूक, इथूनच तिचा आवाज जाणार. इथे देवीचे काही असावे. पेटीत जिथे जिथे धातू उघडा होता तिथे तिथे बोटाने भरून लावले. एंब्रांतिरींची क्षमा मागेन, पण तुम्ही हे घरात बोलू नका.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच. नवसाप्रमाणे पेटी देवळाची झाली, ती आता कपाटात, किल्ली मेननांकडे. भानू रोज सकाळी ताकाची रवी फिरवताना गुणगुणायची. शस्त्रक्रियेनंतर चार महिने ते बंद होते. दशमीपासून पुन्हा सुरू झाले आहे, पण इतके हळू की माझ्या खोलीत येत नाही. मी दोनदा दाराशी जाऊन उभा राहिलो. चाहूल लागली की ती थांबते. तेव्हा आणखी एका अॅम्प्लिफायरचे भाग पाठवावेत. अॅल्युमिनियम चालेल. माइक छोटा, ताकाच्या खांबामागे बसेल असा. तिला काय सांगायचे ते मी पाहतो. खरे कळवू नका. ती म्हणेल, ऐकायचंच असेल तर स्वयंपाकघरात येऊन बसा, आणि तिथे बसलो की मला नारळ खवावा लागतो.